काळी माती, थोडा कर्ब: सोलापूरच्या जमिनीतला ह्यूमस मोजायला शिकताना

हाताखाली नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी दोन बाटल्या दाखवते. एकीत मंगळवेढ्याकडची भारी काळी माती, दुसरीत कोकणातली तांबडी, जांभ्याची. सेंद्रिय कर्ब कशात जास्त, असं विचारलं की सगळी बोटं काळ्या बाटलीकडे जातात. उत्तर उलटं आहे. माझ्याकडच्या तांबड्या मातीत कर्ब एक टक्क्याच्या वर आहे आणि काळीत अर्धा टक्कासुद्धा भरत नाही.

आपली जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. तिच्यातली चिकणमाती स्मेक्टाइट जातीची, म्हणजे पाणी प्यायली की फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडणारी. या चिकणमातीच्या कणांना ह्यूमस, म्हणजे पार कुजून गेलेला सेंद्रिय भाग, इतका घट्ट चिकटून बसतो की थोडा असला तरी सगळी माती गडद दिसते. शाईच्या चार थेंबांनी वाटीभर पाणी काळं व्हावं, तसं. म्हणून इथे डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही, मोजावंच लागतं. रसायनशास्त्र शिकून नुकतेच माती परीक्षणात आलेले किंवा गावात छोटी प्रयोगशाळा काढू पाहणारे, अशांना समोर ठेवून मी हे लिहिते आहे.

आधी तीन शब्द नीट करून घ्या

सेंद्रिय पदार्थ, सेंद्रिय कर्ब आणि ह्यूमस हे तीन शब्द बाजारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रयोगशाळेत ते वेगळे ठेवा. जमिनीतलं जे जे कधीकाळी जिवंत होतं, ते सगळं मिळून सेंद्रिय पदार्थ. त्यात जो कार्बन आहे तो सेंद्रिय कर्ब. आपण मोजतो तो हा. सेंद्रिय पदार्थात ५८ टक्के कर्ब असतो असं जुनं गृहीतक आहे, त्यावरून कर्बाला १.७२४ ने गुणून सेंद्रिय पदार्थ काढतात. हा गुणक सगळ्या जमिनींना सारखा लागू पडत नाही, कित्येक ठिकाणी तो दोनच्या जवळ जातो. म्हणून अहवालात मी कर्बच लिहिते, सेंद्रिय पदार्थ कोणी मागितला तरच.

ह्यूमस म्हणजे कुजण्याच्या वाटेवर खूप पुढे गेलेला, मूळ पानाची-काडीची ओळख उरली नाही असा भाग. तो कसा तयार होतो हे समजल्याशिवाय आकड्याचा अर्थ लागत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

रब्बी ज्वारीचंच बघा. आपल्याकडे ती बहुधा मुळासकट उपटून काढतात, मग कणसं खुडतात. कडबा जनावरांना जातो किंवा विकला जातो. शेतात राहतात बारीक मुळं, थोडी धसकटं आणि गळालेली पानं. या उरल्यासुरल्यावर जिवाणू आणि बुरशी तुटून पडतात. साखर, पिष्ट आणि प्रथिनं काही दिवसांत संपतात, सेल्युलोजला काही महिने लागतात आणि काडीला ताठपणा देणारं लिग्निन सगळ्यात उशिरा मोडतं. खाल्लेल्या कर्बाचा मोठा हिस्सा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. उरलेल्यातून सूक्ष्मजीव आपली शरीरं बांधतात, मरतात आणि त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना व कॅल्शियमला चिकटून राहतात. जमिनीत टिकणाऱ्या ह्यूमसचा मोठा भाग असा सूक्ष्मजीवांच्या शरीरांतून आलेला असतो. पूर्वी समजत की लिग्निनचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन मोठे, न कुजणारे रेणू बनतात म्हणून ह्यूमस टिकतो. आता भर आहे तो मातीच्या कणांशी झालेल्या बांधणीवर आणि कणांच्या गोळ्यांत आत दडून राहण्यावर. या बाबतीत आपली चिकणमाती आणि तिच्यातलं कॅल्शियम दोन्ही अनुकूल आहेत. कमी पडतो तो पुरवठा.

पुरवठ्यात नत्राचाही हिशेब असतो. पक्व ह्यूमसमध्ये कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण १० ते १२ ला १. ताजा कोवळा ताग त्याच्या बराच जवळ असतो. उसाच्या पाचटात मात्र एका भाग नत्रामागे कर्ब ८० किंवा त्याहून जास्त भाग असतो. ते प्रमाण २५-३० च्या वर गेलं की सूक्ष्मजीव जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक काही काळ पिवळं पडतं. पंढरपूर-माळशिरसच्या उसाच्या पट्ट्यात पाचट कुजवताना वरून थोडा युरिया टाकायला सांगतात, तो यासाठीच.

आणि मग आपला उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग, ओल असेल तर, साधारण दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये ओल नसते म्हणून सगळं थंडावतं. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या मातीवर पडला की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि काही दिवस जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर पडतो. बर्च नावाच्या संशोधकाने १९५८ मध्ये हे मोजून दाखवलं, म्हणून याला बर्च परिणाम म्हणतात. पहिल्या पावसाचा मृद्गंध येतो तो बराचसा ॲक्टिनोमायसीट जिवाणूंनी तयार केलेल्या जिऑस्मिनमुळे. तो वास मलाही फार आवडतो. त्याच वेळी जमीन कर्ब खर्च करत असते, हेही तेव्हा मनात येतं.

शेतात नमुना घेताना

चाचणी कितीही काटेकोर केली तरी चुकीच्या नमुन्याची चूक ती दुरुस्त करत नाही. आपण बाटलीत १ ग्रॅम माती घेणार आणि ती १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या हेक्टरी जवळजवळ २,००० टन मातीच्या वतीने बोलणार. त्यामुळे मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

शेताचे तुकडे पाडा ते एकरावर नको, जमिनीच्या प्रकारावर. आपल्याकडे एकाच गटात वर मुरमाड माळ, मध्ये मध्यम जमीन आणि ओढ्याकडे भारी काळी असं उतारावर बदलत जातं. तिन्हींचे नमुने वेगळे. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणं निवडा. वरचा पालापाचोळा हाताने बाजूला करा, माती खरवडू नका. टिकावाने इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंटिमीटरचा खड्डा घ्या, आतली माती काढून टाका आणि खड्ड्याच्या एका बाजूचा वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीचा काप खुरप्याने काढून घमेल्यात टाका. कापाची जाडी वर-खाली सारखी हवी. कर्ब वरच्या थरात जास्त असतो. काप वर जाड आणि खाली निमुळता झाला तर आकडा फुगतो.

बांध, झाडाची सावली, पाण्याचा पाट, जनावरं बांधायची जागा, शेणखताचे ढीग पडलेली ठिकाणं टाळा. आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे भेगा. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांतून खाली पडते आणि फुटाच्या खालीही वरचीच माती सापडते, म्हणून भेगेला लागून खड्डा घेऊ नका. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत शेणखत झाडाच्या घेरात टाकलेलं असतं. तिथे घेरातला नमुना आणि दोन ओळींमधला नमुना असे दोन घ्या, एकत्र करू नका.

जमलेली माती गोणपाटावर पसरा, चार सारखे भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका, उरलेली पुन्हा मिसळा. अर्धा किलो राहीपर्यंत हे करत राहा. खताची रिकामी पिशवी वापरू नका. चिठ्ठीवर गट क्रमांक, खोली, तारीख, आधीचं पीक आणि शेणखत शेवटचं कधी टाकलं ते लिहा.

वेळ म्हणाल तर ज्वारी निघाल्यापासून मृगापर्यंत. पाऊस पडल्यावर काळी माती हत्याराला चिकटते आणि सारख्या जाडीचा काप निघत नाही. दरवर्षी तुलना करायची असेल तर महिना तोच ठेवा.

वाळवणं आणि चाळणं

माती सावलीत वाळवा. उन्हात किंवा भट्टीत नको. भारी काळीची ढेकळं पूर्ण वाळली की दगडासारखी होतात, म्हणून थोडी ओल असतानाच हाताने फोडून ठेवा. मग लाकडी हातोडीने बारीक करून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. मुळं, काड्या, गोगलगायीचे शंख आणि चुनखडीचे खडे वेचून बाजूला करा. एक ग्रॅममध्ये ज्वारीच्या मुळाचा एक तुकडा गेला तरी निकाल कुठच्या कुठे जातो.

त्यातली २०-२५ ग्रॅम माती खलात आणखी कुटून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. चाळणी आणि खल लोखंडी नको, कारण चाचणीत कर्ब जाळायला आपण जे डायक्रोमेट घालतो, ते लोखंडाचे कण खातात आणि कर्ब जास्त दिसतो. चाळणीवर उरलेली माती फेकायची नाही, ती पुन्हा कुटायची. सगळीच्या सगळी खाली गेली पाहिजे. मी शिकत होते तेव्हा पहिले कित्येक दिवस उरलेली माती टाकून देत होते. बारीक कणांत कर्ब जास्त असतो, त्यामुळे माझे सगळे निकाल वर सरकले आणि ते सगळे नमुने मला पुन्हा करावे लागले.

हवेत वाळलेल्या काळ्या मातीतही पाच टक्क्यांहून जास्त पाणी उरलेलं असू शकतं. वेगळी ५ ग्रॅम माती १०५ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवून वजन घ्या आणि निकाल त्या कोरड्या वजनावर आणा.

द्रावणं

पद्धत वॉकली आणि ब्लॅक यांची, १९३४ ची. तत्त्व सोपं आहे: आम्लात डायक्रोमेट कर्बाला जाळतं, आपण डायक्रोमेट मोजून घालतो आणि किती उरलं ते पाहतो. जितकं खर्च झालं तितका कर्ब.

पोटॅशियम डायक्रोमेट १०५ अंशाला वाळवून ४९.०४ ग्रॅम तोला आणि पाण्यात विरघळवून बरोबर १ लिटर करा. हे १ नॉर्मल द्रावण झालं; नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप. याची शुद्धता हा सगळ्या हिशेबाचा पाया, म्हणून हे वजन घाईत करू नका. फेरस अमोनियम सल्फेट १९६.१ ग्रॅम सुमारे ८०० मिली पाण्यात, त्यात २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल सावकाश ओतून, गार झाल्यावर १ लिटर करा. हे अर्धा नॉर्मल. ते हवेने रोज थोडं थोडं बिघडतं, म्हणून त्याची खरी तीव्रता रोज काढायची, ती कशी ते पुढे येतं. निदर्शक, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारं रसायन, म्हणून डायफिनाइल अमाइन: अर्धा ग्रॅम २० मिली पाण्यात घेऊन वर १०० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. याशिवाय ८५ टक्के ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं.

सल्फ्युरिक आम्लाची बाटली पावसाळ्यात उघडी राहू देऊ नका. या पद्धतीत बाहेरून उष्णता देत नाहीत. आम्ल पाण्यात मिसळताना जी उष्णता निघते, त्यावरच सारं अवलंबून असतं. आम्लाने हवेतली ओल ओढली की तापमान कमी चढतं आणि कर्ब कमी दिसतो.

डायक्रोमेट कर्करोगकारक आहे आणि तीव्र आम्ल डोळ्याला क्षणात इजा करतं. चष्मा, हातमोजे, सुती कोट आणि धूर ओढणारं कपाट, यांतलं एकही नसेल तर काम सुरू करू नका. तोंडाने पिपेट ओढण्याची जुनी सवय कुठे दिसली तर थांबवा, समोरचा कितीही ज्येष्ठ असला तरी.

प्रत्यक्ष चाचणी

५०० मिलीचं कोरडं शंकुपात्र घ्या. त्यात १ ग्रॅम माती तोला. बागेतली किंवा खत घातलेली कर्बयुक्त माती असेल तर अर्धा ग्रॅम, मुरमाड हलकी असेल तर २ ग्रॅम. पिपेटने बरोबर १० मिली डायक्रोमेट घाला आणि माती पूर्ण भिजेपर्यंत हळू फिरवा.

आता २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. पुस्तकात ते भरकन घाला असं लिहिलेलं असतं, पण आपल्या चुनखडीच्या जमिनीत आम्ल पडताच फसफसतं आणि माती पात्राच्या भिंतीवर उडून बसते. तिथली माती जळत नाही. पहिले एक-दोन मिली सावकाश, फेस बसला की बाकीचं एका दमात. एक मिनिट हलक्या हाताने फिरवा. पात्र आता हाताला चटका बसेल इतकं तापतं, आत १२० अंशांच्या आसपास. ते थंड कडप्प्याच्या ओट्यावर ठेवू नका. लाकडी फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर ३० मिनिटं राहू द्या. सगळ्या पात्रांना सारखीच वेळ.

या अर्ध्या तासात रंग बघत राहा. नारिंगीचा शेवाळी झाला तर ठीक. पूर्ण हिरवा झाला तर डायक्रोमेट संपत आलंय, तो नमुना कमी माती घेऊन पुन्हा करा.

मग २०० मिली पाणी भिंतीवरून ओतून गार होऊ द्या, १० मिली फॉस्फोरिक आम्ल आणि १ मिली निदर्शक घाला. फॉस्फोरिक आम्ल तयार झालेल्या फेरिक लोहाला बांधून ठेवतं, त्यामुळे शेवटचा रंगबदल स्पष्ट दिसतो. आता उरलेलं डायक्रोमेट मोजायचं, म्हणजे टायट्रेशन: ब्युरेटमधून, खाली तोटी असलेल्या मोजनळीतून, फेरस अमोनियम सल्फेट सोडायला लागा. द्रावण गडद जांभळट निळं होईल, पुढे गढूळ निळं, आणि मग एका थेंबात लख्ख हिरवं. आपली चिकणमाती द्रावण काळसर करते, म्हणून पात्राखाली पांढरी फरशी आणि मागे दिवा ठेवा. निळा गढूळ व्हायला लागला की एकेक थेंब. थेंब ओलांडला तर नमुना टाकू नका. अर्धा मिली डायक्रोमेट मोजून घाला, पुन्हा शेवट गाठा आणि तो अर्धा मिली हिशेबात धरा.

प्रत्येक तुकडीत मातीशिवाय दोन कोऱ्या चाचण्या, म्हणजे ब्लँक, करायच्याच. शिवाय ज्याचा कर्ब पक्का माहीत आहे असा घरचा एक नमुना ठेवा आणि दर दहा नमुन्यांत एक दुबार करा. घरचा नमुना वेगळा आकडा देऊ लागला तर त्या दिवसाचे निकाल देऊ नका.

हिशेब

समजा ब्लँकला २०.४ मिली लागलं. १० मिली १ नॉर्मल डायक्रोमेटला २०.४ मिली पुरलं, म्हणजे फेरस द्रावणाची खरी तीव्रता १० भागिले २०.४, म्हणजे ०.४९. रोजची तीव्रता निघाली ती अशी. नमुन्याला १७.६ मिली लागलं; फरक २.८ मिली. १ नॉर्मल डायक्रोमेटच्या १ मिलीमागे ०.००३ ग्रॅम कर्ब जळतो. तर २.८ गुणिले ०.४९ गुणिले ०.००३ गुणिले १००, भागिले १ ग्रॅम माती: ०.४१ टक्के.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या. या पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, सरासरीने ७७ टक्के जळतो असं धरतात. म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात. ०.४१ चे झाले ०.५४. मृदा आरोग्य पत्रिकेच्या वर्गवारीत ०.५ च्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्याच्या वर जास्त. म्हणजे तीच माती, तेच टायट्रेशन, पण गुणक लावला की मध्यम, न लावला की कमी! एका प्रयोगशाळेने गुणक लावायचा आणि दुसरीने नाही, आणि शेतकऱ्याने दोन वर्षांच्या दोन पत्रिका शेजारी ठेवून कर्ब वाढला म्हणून समाधान मानायचं, हे मी पाहिलं आहे. मला ते फार लागलं. अहवालावर गुणक लावला की नाही हे लिहायचंच, हा आमच्याकडे नियम आहे.

सोलापुरात फसवणाऱ्या गोष्टी

चुनखडी. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, फसफसली तर कॅल्शियम कार्बोनेट आहे. त्यातला कर्ब आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत असतो, त्यामुळे तो डायक्रोमेट खर्च करत नाही. या एका कारणासाठी वॉकली-ब्लॅक आपल्याकडे योग्य. महागड्या यंत्रात माती जाळून कर्ब मोजायचा असेल तर चुनखडी आधी आम्लाने घालवावी लागते, नाहीतर यंत्र दोन्ही कर्ब एकत्र मोजतं.

भट्टीत माती तापवून वजनाची घट मोजण्याची पद्धत सोपी आणि रसायनाशिवाय होते म्हणून नवे लोक तिच्याकडे वळतात. भारी काळीसाठी ती वापरू नका. स्मेक्टाइटच्या आत अडकलेलं पाणीही त्या तापमानाला उडतं आणि ती घट सेंद्रिय पदार्थाच्या नावावर जमा होते. थोडा कर्ब आणि भरपूर चिकणमाती असलेल्या जमिनीत ही चूक खऱ्या आकड्याहून मोठी होऊ शकते.

खारवट जमीन. कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेतलेल्या, निचरा नसलेल्या रानात क्लोराइड साठतं आणि तेही डायक्रोमेट खातं. साधारण १२ भाग क्लोराइड १ भाग कर्बासारखं दिसतं. नमुन्याची क्षारता आधी मोजा. जास्त असेल तर सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट विरघळवून वापरा, म्हणजे क्लोराइड साक्याच्या रूपात बाजूला बसतं. पाणी साचलेल्या जमिनीतलं फेरस लोहही असाच घोटाळा करतं, पण नमुना नीट वाळवला की ते बहुतेक निवळतं. मँगनीजचे ऑक्साइड उलट दिशेने चुकवतात, कर्ब कमी दाखवतात.

पाचट पेटवलेल्या रानात कोळशाचे बारीक कण येतात. ते अर्धवट जळतात, किती ते सांगता येत नाही. चिठ्ठीवर नोंद करा.

ह्यूमसचे भाग वेगळे करायचे असतील तर

हे रोजच्या माती परीक्षणात येत नाही, पण एकदा हाताने करून बघावं. फ्रांझ कार्ल आखार्ड यांनी १७८६ मध्ये पीट मातीतून अल्कलीने असा गडद अर्क काढला होता. पुढे बीटपासून साखर काढण्याचा पहिला कारखानाही त्यांनीच उभारला, साखरेच्या जिल्ह्यात हे सांगायला मला आवडतं.

१० ग्रॅम माती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने फसफस थांबेपर्यंत धुवा. हे वगळलं तर कॅल्शियमने बांधलेला ह्यूमस सुटत नाही. मग पाण्याने धुऊन १०० मिली ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घाला, बाटलीतली हवा नायट्रोजनने हटवा, चार तास हलवा, रात्रभर ठेवा आणि सेंट्रिफ्यूज करा. वर आलेला कॉफीच्या रंगाचा अर्क वेगळा काढून त्यात आम्ल घालत सामू (पीएच) १ पर्यंत उतरवा. तपकिरी पुंजके तळाशी बसू लागतात, ते ह्युमिक आम्ल. वर राहिलेल्या पिवळसर पाण्यात फल्विक आम्ल. मातीतच राहिलं ते ह्युमिन.

हे तीन भाग जमिनीत असे वेगवेगळे पडलेले नसतात, आपल्या अल्कलीने आणि आम्लाने ते पाडले. दुकानात ह्युमिक ॲसिड म्हणून मिळणारी बाटली बहुधा लिओनार्डाइट किंवा लिग्नाइट अशा कोळशाच्या जातीच्या खनिजापासून काढलेलं पोटॅशियम ह्युमेट असते. ती ओतल्याने जमिनीचा कर्ब किती वाढेल, असं शेतकऱ्याने विचारलं तर एकरी काही लिटरमध्ये कर्ब किती येणार याचा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

उरलेलं द्रावण आणि अहवाल

क्रोमियमचं द्रावण बेसिनमध्ये, गटारात किंवा आवारातल्या झाडाला नाही. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये गोळा करा, नारिंगी छटा असेल तर फेरस घालून पूर्ण हिरवं करा, चुन्याने उदासीन करून साका बसू द्या आणि तो घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या.

अहवाल देताना शेतकरी समोर असेल तर दोन मिनिटं जास्त द्या. "काय ओ मॅडम, माती कोळशावानी काळी हाय की, अन् कर्ब कमी म्हणताय?" असं मला विचारणारे मामा दर हंगामात भेटतात. मी त्यांना त्या दोन बाटल्या दाखवते आणि मग पाटीवर गणित मांडते. हेक्टरी २,००० टन मातीत कर्ब ०.१ टक्का वाढवायचा म्हणजे २ टन कर्ब टिकून राहिला पाहिजे, सेंद्रिय पदार्थात सुमारे साडेतीन टन. घातलेल्यातला बराचसा उडून जातो, म्हणून घालावं लागतं त्याच्या कितीतरी पट. एका ट्रॉलीने एका वर्षात हे होत नाही, हे ऐकून कुणी नाराज होत नाही. उलट मग पाचट न पेटवणं, धसकटं रानातच ठेवणं, खरिपात पडीक राहणाऱ्या जमिनीत ताग गाडणं, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला टाकणं यावर नीट बोलणं होतं. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रावर रब्बी ज्वारीला पिकांचे अवशेष आणि सुबाभळीचा पाला देण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं चालले, तेही मी सांगते.

अहवालावर खोली, पद्धत, गुणक, कोरड्या वजनाची नोंद आणि तारीख लिहा. उरलेली माती झाकणाच्या बाटलीत भरून गट क्रमांक टाकून ठेवा. पुढचा नमुना तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, बांधावरच्या त्याच खुणेपासून पावलं मोजून घ्या आणि त्या दिवशी जुनी बाटली उघडून दोन्ही मात्या एकाच तुकडीत, एकाच ब्लँकवर चालवा.